दोघांचा गुणाकार

कुओपिओ, जानेवारी. तलावावर वीतभर बर्फ.
दुपारी साडेतीनलाच खिडकी विझते
आणि पडद्यावर उरतो टाउनो रिस्सानेन.
म्हणजे त्याच्या डाव्या हाताचं मधलं बोट,
म्हणजे त्या बोटावरच्या पट्ट्यानं
सेकंदाला दोनशेदा टिपलेला दाब.
वय एकाहत्तर. अग्निशामक दलातून निवृत्त.
याहून जास्त मला सांगितलेलं नाही,
हेही खरं तर सांगायला नको होतं.

माझं काम उलटं आहे.
हृदय ठाऊक असेल तर दाब काढणं सोपं;
मला दाब दिलाय आणि हृदय विचारलंय.
शितावरून भाताची परीक्षा म्हणतात.
इथं शीतही नाही,
झाकणाच्या कडेनं येणारी वाफ तेवढी.

मॉडेल जुनं, साधं:
एक पंप, एक हवेचा घुमट, एक अरुंद नळी.
घुमट ठोक्याठोक्याला फुगतो
आणि पंप दम खातो तेवढ्यात
साठलेलं हळूहळू पुढं ढकलतो.
घुमट म्हणजे धमनीचं लवचिकपण,
नळी म्हणजे अंगभरच्या बारीक वाटांचा विरोध.
अनोळखी आकडे दोन. फक्त दोन.

पट्टे बांधणारी ऑर्वोक्की सांगत होती,
त्याला हे चित्र दाखवलं तर तो हसलाच.
"हा तर आमचा बंब," म्हणाला,
"आजोबांच्या वेळचा, हातानं हापसायचा.
घुमट तांब्याचा. तो नसता
तर पाणी उचक्या देत आलं असतं."

दोन ठोक्यांमधली उतरण मी मोजते.
देखणी उतरण आहे,
पण घुमट गुणिले नळी
एवढं सांगून गप्प बसते.
घुमट कडक, वाटा अरुंद.
घुमट मऊ, वाटा रुंद.
उतार तोच, केसाचाही फरक नाही.
बारा हाती आले;
बे सक की तीन चोक,
हे बाराला विचारून कळत नाही.
रक्त किती वाहतं ते मोजलं असतं
तर दोघं सुटे झाले असते.
ते यंत्र दुरुस्तीला गेलंय, नोव्हेंबरपासून.

माझ्या आईवडिलांचंही असंच होतं.
दाराबाहेर यायची ती शांतता.
किती कडकपण, किती सोसणं, आणि कुणाचं,
चाळीस वर्षं माझ्या हाती गुणाकारच लागला.

चौथ्या मिनिटाला खाट उभी केली.
दाब खाली गेला, ठोके धावत आले,
माझी रेषाही त्याच्याबरोबर उठली,
पावलावर पाऊल.
मग सहाव्या मिनिटात, बारा सेकंद,
तो मला सोडून वर गेला.
खोकला नाही. हात हलला नाही.
ऑर्वोक्कीनं वही चाळली.
"तेव्हा? तेव्हा मी अर्ज भरत होते.
काही झालं तर कळवायचं कुणाला, ते विचारलं.
तो म्हणाला, रिकामं ठेवा."

अशी सेकंदं वगळायची असतात.
मी वगळली. चूक कमी झाली.
घुमटासाठी एक आकडा आला,
त्याचं अधिक-उणे एवढं
की त्यात अर्धं कुओपिओ मावावं.

उद्या अहवाल. लिहीन:
गुणाकार, खात्रीनं.
दोघं वेगवेगळे, या मोजणीवरून नाही.
वेसा पुलक्किनेनला अहवालात 'नाही' खपत नाही.
म्हणेल, विरोध पुस्तकातला घाल आणि पुढं चल.
घालेनही.

घरी जाताना तलावावर
बर्फाला भोक पाडून एकजण बसलेला.
दोरी जराशी उचलतो, सोडतो,
पुन्हा उचलतो.
लागलं का काही, मी विचारलं.
"ओढ लागते," वर न बघता तो म्हणाला,
"मासा की गाळ, ते वर आल्यावर."